ओली गाडी आणि व्यतिरेक

अन्वय-व्यतिरेक मागच्या वेळी पाहिला. आज त्याचं एक घरगुती उदाहरण घेऊ.

जुलैचा महिना, महाबळेश्वर, माझी जुनी पद्मिनी. वडिलांच्या पायाला जखम, ड्रेसिंगसाठी आठवडाभर रोज वाईला न्यायचं, आणि गाडी सुरूच होईना. शेजारी म्हणाले, "सर, बॅटरी गेली." पण सेल्फ जोरात फिरत होता, हेडलाइटही फारसे मंदावत नव्हते, म्हणजे बॅटरीवरचा आरोप टिकत नाही. पेट्रोलचा वास येत होता, तेही पोचत होतं. उरली ठिणगी. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरली, की हजारो व्होल्टची वीज प्लगपर्यंत न जाता त्या ओलीतूनच भलतीकडे निसटते. कॅप काढून कोरड्या फडक्यानं आतून पुसली. गाडी सुरू!

पण थांबा. पुसण्यात पंधरा मिनिटं गेली. सेल्फ मारून मारून इंजिनात जास्त झालेलं पेट्रोल तेवढ्यात उडून गेलं असेल, तर? मग कारण कोणतं मानायचं?

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा अडली. या वेळी कॅपला हात न लावता पंधरा मिनिटं नुसता बसलो. वडील वैतागले, आणि त्यांचं बरोबरच होतं. सेल्फ मारला, गाडी ढिम्म. मग कॅप पुसली, आणि लगेच सुरू झाली.