चहा : त्याचें रसायन आणि आपलें आरोग्य

मुंबई शहरांत चहावांचून दिवस उजाडतो असें घर विरळा. गिरगांवच्या चाळींत पहाटे पहिलें आधण ठेवलें जातें तें चहाचें; दादर स्टेशनाबाहेर, परळच्या इस्पितळांच्या दारांत, लालबागच्या नाक्यावर ‘कटिंग’ हा शब्द दिवसभर कानीं पडतो. पाहुण्यास चहा विचारला नाहीं तर यजमानाचें चुकलें असें आपण मानतों. इतक्या सलगीची ही वस्तु; परंतु तिच्यांत काय आहे, व ती पोटांत जाऊन काय करिते, असें कोणीं विचारलें तर बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. कोणी चहास विष म्हणतो, कोणी अमृत म्हणतो. वर्गांत रसायनशास्त्र शिकवितांना आम्ही मुलांकडून हीं दोन्ही मतें ऐकतों. या वादाचा निकाल भांडणानें लागण्यासारखा नाहीं, प्रयोगानें लागण्यासारखा आहे. म्हणून हा लेख.

चहाची आपली ओळख जुनी असली तरी त्याची संवय जुनी नाहीं. जॉन ओव्हिंग्टन नांवाचे एक इंग्रज पाद्री १६८९ सालीं विलायतेहून निघून मुंबईस व पुढें सुरतेस आले. सुरतेकडील लोक चहा मसाला घालून उकळतात, व डोकेदुखी, पोटदुखी अशा विकारांवर तो गुणकारी समजतात. कोणी त्यांत खडीसाखर, तर कोणी मुरविलेलें लिंबू घालतात, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. म्हणजे चहा येथें प्रथम औषध म्हणून आला. त्यानंतर दोन शतकांनींहि तो घरोघर पोंचला नव्हता. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक प्रभृति मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला, तेव्हां त्यावरून मोठें ग्रामण्य माजलें आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली! पुढें १९०३ सालीं सरकारनें चहावर उपकर बसविला व त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. कारखाने आणि रेल्वे स्टेशनें यांच्या वाटेनें चहा कामकरी माणसापर्यंत पोंचला. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या तोंवर पाळी सुटण्याच्या वेळीं तेथील हॉटेलांत बसावयास जागा मिळत नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले. चहा मात्र राहिला.

आतां प्रत्यक्ष रोपाकडे वळूं. चहाच्या झाडाचें शास्त्रीय नांव कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य प्रकार दोन : एक लहान पानांचा चिनी आणि दुसरा मोठ्या पानांचा आसामी. आपल्या कुंडींत जो ‘गवती चहा’ असतो तो चहा नव्हे. तें एक सुवासिक गवत आहे. त्याचा वास सिट्रल नांवाच्या द्रव्याचा असून त्यांत कॅफीन मुळींच नसतें. खऱ्या चहाच्या मळ्यांत शेंड्याची कळी आणि तिच्या खालचीं दोन कोंवळीं पानें तेवढीं खुडतात. कारण ज्या द्रव्यांमुळें चहास किंमत आहे, तीं कोंवळ्या पानांत अधिक असतात. झाडानें तीं आपल्या पेल्यासाठीं केलेलीं नाहींत. कोंवळें पान किडींनीं खाऊं नये म्हणून तें कडू आणि तुरट झालें आहे. किडीसाठीं योजिलेला हा कडवटपणा आपण साखर घालून पितों!

या द्रव्यांपैकीं तीन विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावींत.

पहिलें कॅफीन. रुंग नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें तें १८१९ सालीं कॉफीच्या बियांतून काढलें. १८२७ सालीं चहांतूनहि एक द्रव्य निघालें व त्यास ‘थीन’ असें वेगळें नांव मिळालें. पण तें आणि कॅफीन एकच, हें १८३८ सालीं सिद्ध झालें. वाळलेल्या चहांत तें सामान्यतः शेंकडा २ ते ४ असतें.

दुसरें, तुरट द्रव्यें. यांस व्यवहारांत टॅनिन म्हणतात. शास्त्रांत त्यांचें नांव पॉलिफेनॉल, व त्यांत मुख्य कॅटेचिन. खुडलेलें कोंवळें पान वाळवून तोललें तर त्याच्या वजनापैकीं शेंकडा ३० पर्यंत हींच द्रव्यें भरतात. जपानांतील मिचियो त्सुजिमुरा या विदुषीनें १९२९ सालीं हिरव्या चहांतून कॅटेचिन शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. आमच्या विद्यार्थिनींनीं हें नांव अवश्य लक्षांत ठेवावें.

तिसरें थीआनीन. १९४९ सालीं जपानांतच त्याचा शोध लागला. चहाच्या कडवटपणामागें जी एक सौम्य, रुचकर चव असते, ती पुष्कळ अंशीं याची.

हिरवें पान काळें होतें कसें? वांगें चिरून ठेविलें तर थोड्या वेळांत त्याचा काप काळवंडतो, हें आपण स्वयंपाकघरांत रोज पाहतों. चहाच्या कारखान्यांत तेंच मुद्दाम घडवून आणतात. खुडलेलीं पानें प्रथम कांहीं तास पसरून मलूल करितात व मग मळतात. त्यामुळें पेशी फुटतात, आंतील विकर बाहेर येतें, आणि हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें कॅटेचिनचें रूपांतर होऊं लागतें. त्यांतून थीआफ्लेविन हें पिवळसर तांबूस, व थीआरुबिजिन हीं गडद तपकिरी द्रव्यें तयार होतात. चहाचा तो सुंदर रंग यांचाच. या क्रियेस ‘आंबविणें’ म्हणण्याची रीत आहे, पण तें नांव चुकीचें आहे. इडलीच्या पिठाप्रमाणें येथें जंतूंचें कांहीं काम नसतें. इष्ट रंग येतांच पानांस कडक आंच देतात, विकर नष्ट होतें व क्रिया थांबते. हीच आंच किंवा वाफ आरंभींच दिली तर पान हिरवें राहतें. तोच हिरवा चहा. म्हणजे हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचे. मुंबईंत सर्वत्र विकली जाणारी बारीक दाणेदार चहापूड ज्या यंत्रानें करितात, तें १९३०–३१ च्या सुमारास आसामांत निघालें. दाणा बारीक असल्यामुळें रंग व तुरटपणा लवकर उतरतो, आणि असा चहा दुधाखालीं दबत नाहीं.

आतां आपण हा चहा पितों तेव्हां काय होतें तें पाहूं. दिवसभर काम करितांना मेंदूंत अडेनोसिन नांवाचें द्रव्य सांठत जातें. तें आपल्या ठराविक जागीं जाऊन बसलें म्हणजे ‘आतां विसांवा घ्या’ असा निरोप मिळतो. कॅफीनचा घाट अडेनोसिनशीं जुळणारा असल्यामुळें तें त्या जागा आधींच अडवून बसतें. निरोप पोंचत नाहीं. थकवा मात्र जेथल्या तेथें राहतो. म्हणून चहानें हुशारी वाटते ही गोष्ट खरी, पण शक्ति येते ही समजूत खोटी. पेल्यांत जी काय शक्ति असते ती दूध आणि साखर यांची. रात्रपाळीच्या कामगाराची भूक चहानें मरत असे, भागत नसे. ज्या मुलास घाईघाईनें केवळ चहावर शाळेंत धाडलें जातें, त्याचीहि गत तीच.

एका पेल्यांत साधारणपणें ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतें, आणि प्रौढ माणसाच्या शरीरांतून त्याचा निम्मा भाग जाण्यास सुमारें ५ तास लागतात. रात्रीं ९ वाजतां घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल उत्तररात्रीं २ वाजतांहि शिल्लक असतो. परीक्षेच्या दिवसांत पेल्यामागून पेले घेऊन जागणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा. वाचलेलें मनांत पक्कें होतें तें झोंपेंत. झोंप चोरून केलेला अभ्यास ऐन वेळीं दगा देतो.

परंतु आमच्या मतें याहूनहि महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आमच्या प्रयोगशाळेंत पांच मिनिटांत दाखवितां येते. परीक्षानळींत कोरा, निवलेला चहा घ्यावा व त्यांत हिराकशीच्या पाण्याचे चार थेंब सोडावे. तांबूस चहा पाहतां पाहतां काळानिळा होतो. घरीं करावयाचें असेल तर कोऱ्या चहांत लोखंडी खिळा रात्रभर बुडवून ठेवावा. (प्रयोगाचा चहा अर्थातच पिऊं नये.) आपल्या पूर्वजांस ही क्रिया ठाऊक होती, हिरडा आणि हिराकस यांची शाई ते याच रीतीनें करीत. हिरड्यांतील तुरट द्रव्य लोहास घट्ट धरितें, चहांतीलहि धरितें.

हीच शाई आपल्या पोटांतहि होते. प्रौढ माणसाच्या शरीरांत सारें मिळून लोह ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एका लहानशा खिळ्याएवढें. पण तेवढ्या लोहाच्या जोरावर रक्त प्राणवायु वाहून नेतें. हें लोह आपणांस बाजरी-नाचणीची भाकरी, कडधान्यें, पालेभाजी यांतून मिळतें. आणि अशा शाकाहारांतील लोह आधींच थोडें पचतें. त्याच वेळीं वरून चहा घेतला तर तुरट द्रव्यें त्यास धरून बसतात व तें रक्तांत न जातां तसेंच बाहेर पडतें. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दक्षिण आफ्रिकेंतील भारतीय वंशाच्या स्त्रियांस भात व बटाटा-कांद्याचें सार दिलें होतें. नुसत्या जेवणांतील लोहापैकीं शेंकडा सुमारें ११ भाग शरीरांत गेला. सोबत चहा घेतांच तो अडीचवर आला. दूध घातल्यानें हा दोष जातो असेंहि नाहीं. १९९९ सालच्या प्रयोगांत दुधामुळें फारसा फरक पडलेला दिसला नाहीं.

ही गोष्ट पुस्तकी नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींस रक्तक्षय आढळला. जिना चढतांना धाप लागणाऱ्या, दुपारच्या तासाला डोळे मिटूं लागणाऱ्या मुली आम्ही वर्गांत पाहतों. त्यांस आळशी म्हणण्यापूर्वीं त्यांचें रक्त तपासून घेणें बरें. रक्तक्षयाचें कारण केवळ चहा आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. अपुरें अन्न, जंत, मासिक रक्तस्राव अशीं कारणें अनेक आहेत. पण आधींच थोडें मिळणारें लोह चहाबरोबर वायां घालविणें, हें तरी आपल्या हातीं टाळण्यासारखें आहे. शासनाच्या रक्तक्षयनिवारण योजनेंत किशोरवयीन मुलामुलींस दर आठवड्यास लोहाची जी निळी गोळी देण्यांत येते, ती चहाबरोबर घेणें म्हणजे एका हातानें घेऊन दुसऱ्या हातानें टाकणें होय.

उपाय अगदीं सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालच्या मार्गदर्शनांत सांगितलें आहे कीं, जेवणापूर्वीं व जेवणानंतर निदान एक तास चहा घेऊं नये. तासभर थांबल्यानें हें नुकसान पुष्कळच घटतें, असें प्रयोगांतहि दिसलें आहे. जेवतांना पेल्याऐवजीं पानांत लिंबाची फोड असावी. लिंबू, आंवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहास मोकळें ठेवून शरीरांत जाण्यास मदत करितें. सकाळीं चहा-चपाती किंवा चहा-पाव खाऊन शाळेंत येणाऱ्या मुलांस त्याच चपातीबरोबर उसळ अगर दूध मिळालें, तर आम्हां शिक्षकांचें अर्धें काम हलकें होईल.

मग चहास विषच म्हणावें काय? तसेंहि नाहीं. चहाचें पाणी उकळलेलें असतें, हा त्याचा एक निर्विवाद गुण. त्यांतील पॉलिफेनॉल परीक्षानळींत शरीरास अपायकारक अशा क्रियांस आळा घालतात. पण नळींत दिसलेला गुण शरीरांत तितकाच उतरेल असें मानूं नये. ‘या चहानें सर्व रोग जातात’ असें सांगून महाग डबे विकणाऱ्यांवर विश्वास ठेवूं नये, हें बरें. आणखी एक सूचना : ६५ अंश सेल्सियसहून अधिक कढत पेयें अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१६ सालीं दिला. इराण्याच्या हॉटेलांत बशींत ओतून, निववून चहा पिणाऱ्या आजोबांस हंसणाऱ्या नातवांनीं हें वाचावें. त्यांची रीत शास्त्रास धरूनच आहे.

चहा विकत घेतांना भेसळीचीहि परीक्षा करावी. ओल्या टीपकागदावर चिमूटभर पूड पसरावी. कागदावर लागलीच ठळक रंगीत डाग उमटले, तर रंग वरून दिलेला आहे असें समजावें.

सारांश, चहा विषहि नव्हे, अमृतहि नव्हे. तो कांहीं ठराविक द्रव्यांचा काढा आहे, आणि तीं द्रव्यें आपला स्वभाव सोडीत नाहींत. तेव्हां आपणच वेळ पाळावी. मोठ्यांनीं चहा बेतानें घ्यावा, जेवणापासून दूर ठेवावा, रात्रीं टाळावा. लहान मुलांस तर त्याची मुळींच गरज नाहीं. पालकांस आमची विनंति आहे कीं, घरांतील पेला बंद करूं नका, पण तो ताटाशेजारून उचला. घरच्या मुलींच्या आणि त्यांच्या आयांच्या रक्तास त्याचा लाभ झाल्यावांचून राहणार नाहीं.