नोव्हेंबर म्हणजे नववा, मग तो अकरावा कसा?

१ नोव्हेंबर ही तारीख सीमाभागातल्या पोराटोरांनाही पाठ असते. १९५६ साली याच दिवशी बेळगाव, निपाणी, खानापूर हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून बेळगावात या दिवशी एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन. पण या तारखेतल्या ‘नोव्हेंबर’ शब्दाचा मूळ अर्थ आहे नववा, आणि महिना तर अकरावा! परवा माझ्या पुतण्याने हेच विचारलं. सांगायला बसलो तर गाडी थेट रोमला पोचली.

सप्त, अष्ट, नव, दश म्हणून बघा. मग लगेच सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर म्हणा. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे आकडे भावंडांसारखे दिसतात. रोमन लोकांचं वर्ष पूर्वी मार्चला सुरू व्हायचं. मार्चपासून बोटं मोजली की सप्टेंबर बरोबर सातवा आणि नोव्हेंबर नववा येतो. सुरुवातीला महिने दहाच होते, जानेवारी-फेब्रुवारी नुमा राजाने नंतर घातले, अशी त्यांची जुनी समजूत. पुढे इ.स.पू. १५३ पासून तिथले मुख्य अधिकारी १ जानेवारीला पदभार घेऊ लागले. वर्षाची सुरुवात सरकली, आकडे मात्र तिथेच राहिले.

बाकीची नावं बहुतेक देवादिकांची. जानेवारी हा दाराचा देव जानस याचा. त्याला दोन तोंडं, एक मागे बघणारं, एक पुढे. फेब्रुवारी शुद्धीकरणाच्या विधीवरून आला. मार्च युद्धाच्या मार्स देवाचा, म्हणजे इंग्रजीत मंगळ ग्रहाला जे नाव आहे तेच. मे आणि जून या माया आणि जुनो या देवींच्या नावाने, असं साधारण मानतात. एप्रिलवर पंडितांचं अजून एकमत नाही.

आम्हा कॉमर्सवाल्यांना आवडेल अशी गोष्ट पुढे आहे. रोममध्ये महिन्याच्या पहिल्या दिवसाला ‘कॅलेंडी’ म्हणत आणि कर्जाचं व्याज त्या दिवशी चुकतं करायचं असे. सावकाराच्या हिशेबाच्या वहीचं नाव ‘कॅलेंडेरियम’. आपलं कॅलेंडर त्यातूनच आलं. कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख टिपणाऱ्या घरच्या बायका ते मूळ काम अजून चालवतायत म्हणायचं!

मार्च एंडची धावपळ मात्र रोमनांच्या माथी मारू नका. ती इंग्रजांची. भारत सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरायला १८६७ साली सुरुवात झाली, ती विलायतेच्या हिशेबाशी जुळावं म्हणून. खुद्द इंग्लंडात १७५२ च्या आधी कायद्याने नवं वर्षच २५ मार्चला लागायचं. आपल्याकडे मात्र जीएसटीचं रिटर्न ऑनलाइन भरणारा दुकानदारही दिवाळीला वहीपूजन चुकवत नाही.

आता नावं बदलण्याचं प्रकरण. जुलै पूर्वी ‘क्विंटिलिस’ होता, म्हणजे पाचवा. ज्युलियस सीझर त्या महिन्यात जन्मला, म्हणून इ.स.पू. ४४ मध्ये त्याचं नाव लागलं. सहावा ‘सेक्स्टिलिस’ इ.स.पू. ८ मध्ये ऑगस्टस बादशहाच्या नावाने ऑगस्ट झाला. ही दोन नावं टिकली. मग पुढच्यांनाही हुरूप आला. नीरोने एप्रिलला स्वतःचं नाव दिलं, डोमिशियनने सप्टेंबर-ऑक्टोबर बळकावले आणि कॉमोडस तर बाराही महिन्यांना आपलीच नावं आणि बिरुदं लावून मोकळा झाला. हे बादशहा गेले, तशी नावंही पुसली गेली. लोकांनी सप्टेंबरला सप्टेंबरच म्हटलं. आपल्या शहराचं नाव सरकारदरबारी ‘बेळगावी’ झालं तेही १ नोव्हेंबरलाच, २०१४ साली. कागदावर ते लिहावं लागतं, आणि घरी आपण बेळगावच म्हणतो.

आपल्या महिन्यांना कुठल्या राजाचं नाव नाही. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास तो चैत्र, कृत्तिकांपाशी तो कार्तिक. कन्नडमध्येही हेच महिने, याच क्रमाने, अमावास्येला संपणारे. त्यामुळे आपल्या दारात गुढी उभी राहते, त्याच सकाळी शेजारच्या कन्नड घरात युगादीचं बेवू-बेल्ल, म्हणजे कडुलिंब आणि गूळ, वाटलं जातं.