मागे वळण्याचा मोह

‘इंडियाना जोन्स’ साकारणारे अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या विमानाचं इंजिन कशामुळे बसलं, ते अखेर कळलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल ऑगस्ट २०१५मध्ये आला आणि दोषी निघाला कार्ब्युरेटरमधला, इंधन मोजून सोडणारा चिमुकला जेट. आट्यांतून सुटून तो फिरला, इंधन प्रमाणाबाहेर जाऊ लागलं आणि त्याच वर्षी ५ मार्चला सँटा मोनिकाहून उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा दम गेला. चोक ओढलेला ठेवूनच स्कूटर पळवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. विमान १९४२चं, रायन पीटी-२२. त्याचा कार्ब्युरेटर दुरुस्त केल्याला सतरा वर्षं झालेली आणि जेट अधूनमधून तपासा, असं देखभालीच्या सूचनांत कुठेही नव्हतं!

मला मात्र इंजिनाचा दम गेल्यानंतरच्या मिनिटभरात जास्त रस आहे. इंजिन बंद पडलं की वैमानिकाला पहिली आठवते मागे सोडलेली धावपट्टी. अर्धं वर्तुळ घेतलं की पोहोचलो, असं वाटतं. पण वळताना विमान बाजूला सरकतं, त्यामुळे धावपट्टीच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं. त्यात उंची जाते. खरा घात कलण्यात आहे. विमान ४५ अंश कलवून उंची राखू पाहिलं, तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल जाते तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. सरळ जाताना पुरणारा वेग वळणात पुरत नाही, पंखांची उचल जाते आणि सावरायला खाली उंची उरलेली नसते. म्हणून या वळणाला वैमानिक ‘इम्पॉसिबल टर्न’ म्हणतात आणि शिकवणारे बजावतात : नाक खाली ठेव, समोर मोकळं दिसेल तिथे उतर.

वळायला फोर्ड यांनीही घेतलंच. पण ताशी ८५ मैलांचा वेग त्यांनी राखला. धावपट्टी गाठता येणार नाही, हे मग त्यांना उमगलं. उंच झाडाच्या शेंड्याला धडकून विमान गोल्फ कोर्सवर आदळलं, धावपट्टीच्या टोकापासून सुमारे ८०० फुटांवर. बहात्तराव्या वर्षी हाडं मोडली, जीव वाचला. इंडियाना जोन्सची आठवण काढणाऱ्या मथळ्यांपेक्षा तो राखलेला वेग मला मोठा वाटतो.

अहवालातली आणखी एक नोंद टोचते. खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीच्या ॲल्युमिनियम पत्र्याला, मजबुती न देताच जोडला होता. त्यामुळे दुखापती वाढल्या. जुनी विमानं हौसेनं उडवणाऱ्यांनी इंजिनाला चकाकी देण्याआधी तो पट्टा कशाला जोडलाय, ते बघावं.