सेन्सरचा आकार आणि कॅमेऱ्याची निवड

छायाचित्रणाचा व्यवसाय करू पाहणारे माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारतात : "सर, कर्ज काढून फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा, की लहान सेन्सरचा चालेल?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, परंतु या प्रश्नाचे निम्मे उत्तर इतिहासातच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मि.मी. आकाराचा सेन्सर. हे माप कोणत्याही निसर्गनियमाने ठरलेले नाही. चलच्चित्रांसाठी ३५ मि.मी. रुंदीची फिल्म रूढ झाली होती. जर्मनीतील लाइट्झ कंपनीत काम करणारे ऑस्कर बार्नाक यांनी तीच फिल्म आडवी फिरवून चित्रपटाच्या चौकटीहून दुप्पट चौकट घेतली. १९२५ साली त्यांचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि ते माप जगभर स्थिरावले. मोठ्या काचपट्ट्यांवर काम करणाऱ्या तेव्हाच्या छायाचित्रकारांना ही चौकट अगदीच चिमुकली वाटे. आज 'पूर्ण' म्हणून मिरवणारे माप जन्मकाळी 'लहान' गणले जात होते, हे ध्यानात ठेवावे.

पुढे फिल्मची जागा सिलिकॉनच्या सेन्सरने घेतली. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर थोडेच निघतात आणि एखाद्या दोषाने अख्खा सेन्सर वाया जातो. म्हणून मोठा सेन्सर महाग. यातूनच सुमारे २४ × १६ मि.मी.चा एपीएस-सी आणि १७.३ × १३ मि.मी.चा मायक्रो फोर थर्ड्स हे लहान आकार प्रचारात आले. क्षेत्रफळ पाहिले तर फुल फ्रेम ८६४, एपीएस-सी सुमारे ३७० आणि मायक्रो फोर थर्ड्स सुमारे २२५ चौरस मि.मी. भरते.

या फरकाने काय साधते? पावसात अंगणात परात आणि वाटी शेजारी ठेवली, तर परातीत अधिक पाणी साचते. प्रकाशाचेही तसेच आहे. लेन्सचे छिद्रमान आणि शटरचा वेळ सारखा असेल, तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश अधिक पडतो आणि मंद उजेडातील चित्रात दाणे कमी दिसतात. मात्र मोठ्या सेन्सरला लेन्सही बहुधा मोठी, जड व महाग लागते. शिवाय तीन रांगांचा समूहफोटो काढताना मागची रांग स्पष्ट यावी म्हणून छिद्र लहान करावे लागते, आणि अधिक प्रकाशाचा तो लाभ बराचसा तेथेच संपतो.

जाहिरातींच्या भाषेपासूनही सावध असावे. काही मोबाईलमधील 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मि.मी.चा असतो, त्याचा कर्णसुद्धा एक इंच भरत नाही. हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या बाहेरील व्यासावरून चालत आले आहे.

आता भविष्याविषयी. २०१० साली जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्या आत आला. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याची जागा मोबाईलने घेतली. कॅनन व निकॉन यांनी २०१८ साली फुल फ्रेमसाठी नव्या माउंटचे आरसाविरहित कॅमेरे आणले आणि आरशाचे कॅमेरे मागे पडत गेले. फुजीफिल्मने तर फुल फ्रेम टाळून एपीएस-सी आणि त्याहून पुष्कळ मोठा ४४ × ३३ मि.मी.चा सेन्सर अशा दोनच वाटा धरल्या. २०२३ च्या अखेरीस सोनीने सर्व बिंदू एकाच क्षणी टिपणारा फुल फ्रेम सेन्सर जाहीर केला. म्हणजे यापुढची चढाओढ आकाराइतकीच वेगाचीही राहील. मोबाईलहून मोठे हे सारे आकार आपापल्या कामापुरते टिकतील, असे आमचे मत आहे.

मग निवड कशी करावी? शेवटी चित्र कोठे छापले जाणार, तेथून हिशेब सुरू करावा. १२ × १८ इंचांच्या अल्बमच्या पानाला, इंचामागे ३०० बिंदू धरले, तरी सुमारे २ कोटी बिंदू पुरतात. एपीएस-सी कॅमेरे आज २.४ कोटी बिंदू सहज देतात. कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांत जुनी होते; चांगली लेन्स दीर्घकाळ साथ देते. तेव्हा आधी माउंट पारखावा, त्यावर पुढे कोणत्या लेन्स मिळतील ते पाहावे, आणि पैसा प्रथम लेन्स व फ्लॅश यांवर घालावा. हाती काम नसताना केवळ मोठ्या सेन्सरसाठी कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊ नयेत. मंद उजेडातील लग्नसमारंभांची कामे नियमित मिळू लागली, की फुल फ्रेमचा विचार अवश्य करावा.

इतिहासाचा शिक्षक म्हणून शेवटी एकच सांगणे. सेन्सर कोणताही असो, छायाचित्राची एक प्रत कागदावर काढावी आणि तिच्यामागे तारीख, ठिकाण व प्रत्येकाचे नाव लिहावे. नावे नसलेला स्वच्छ फोटो पन्नास वर्षांनी मुका होतो. नावे असलेला धूसर फोटोही बोलत राहतो.