गुरुत्वाकर्षणाची परीक्षा घेणारी ताऱ्यांची जोडी

सामान्य सापेक्षतावाद खरा ठरला तो बुध ग्रहामुळे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण सूर्यमालेतले गुरुत्वाकर्षण क्षीण आहे. बुधाची कक्षा या सिद्धान्तानुसार शतकात जेमतेम ४३ विकला जास्त सरकते. खरी कठोर परीक्षा घेतली ती रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना १९७४ साली प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून सापडलेल्या जोडीने. त्यातला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा, सेकंदाला सुमारे १७ वेळा स्वतःभोवती फिरतो आणि दुसऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीची फेरी पावणेआठ तासांत पुरी करतो. तो आपल्याकडे येताना स्पंद लवकर पोचतात, लांब जाताना उशिरा. एवढ्यावरून सारी कक्षा मांडता येते. ही कक्षा वर्षाला ४.२ अंश सरकते.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: ताऱ्यांची वस्तुमाने ठाऊक नसताना हवे ते आकडे धरून गणित जुळवले नाही कशावरून? उत्तर मोजमापांच्या संख्येत आहे. अज्ञात राशी दोन. कक्षेचे सरकणे आणि साथीदाराजवळून जाताना पल्सारच्या लयीत पडणारा फरक या दोन मोजमापांतून दोन्ही वस्तुमाने ठरतात; प्रत्येक सूर्याच्या सुमारे १.४ पट. इथे सिद्धान्ताची पळवाट संपते. गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा निघून गेल्याने फेरीचा काळ वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी घटावा, असे गणित सांगते. आकाशगंगेतल्या गतीमुळे येणारा फरक वजा केला, की प्रत्यक्ष घट त्याच्याशी ०.२ टक्क्यांच्या आत जुळते. हल्स आणि टेलर यांना १९९३ साली नोबेल मिळाले. पुढे २००३ साली जाहीर झालेल्या, दोन्ही तारे पल्सार असलेल्या जोडीने हा मेळ आणखी कितीतरी काटेकोर केला.

तरी एक सिद्धान्त टिकला म्हणून बाकीचे सगळे बाद होत नाहीत. काही पर्यायी सिद्धान्तांत ऊर्जेची जादा गळती अपेक्षित आहे, पण दोन सारख्या न्यूट्रॉन ताऱ्यांत ती जवळजवळ लपून राहते. म्हणून पल्सार आणि श्वेतबटू अशा विजोड जोड्या मोलाच्या. त्यांच्यातही अशी गळती अद्याप आढळलेली नाही, आणि त्यामुळे या पर्यायांना फार थोडी जागा उरली आहे. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही २००४ साली एनजीसी १८५१ या तारकागुच्छात अतिशय लांबट कक्षेचा पल्सार शोधला. अशा जोड्यांना वेळ द्यावा लागतो, कारण घटीचा परिणाम काळाच्या वर्गाने साचत जातो: हल्स-टेलर जोडीतले तारे तीस वर्षांत एकमेकांच्या सर्वांत जवळ सुमारे ४० सेकंद आधी पोचू लागले. नव्या शोधांच्या घाईत जुन्या पल्सारांसाठी राखलेला दुर्बिणींचा वेळ कमी करू नये.