केमच्या डोंगरावरचे दोन थेंब

पोरांनो, सुरगाणा आणि कळवणच्या शिवेवर केमचा डोंगर आहे. आषाढात तिथे दोन थेंब शेजारी शेजारी पडले, असं धरा. कौलारू घराच्या आढ्यावरचं पाणी जसं दोन पाखांनी उतरतं, तसे ते दोघे वेगळे झाले. एक पश्चिमेला, पार नदीत. वाटेत नार मिळाली, आणि थोड्याच अंतरात वलसाडजवळ समुद्रच!

दुसरा पूर्वेला, गिरणेत. हा कुठल्या समुद्राला जाईल? "बंगालच्या!" गोदावरी जाते ना तिकडे, म्हणून सगळे असंच सांगतात. पण गिरणा मालेगावावरून जळगावकडे जाऊन तापीला मिळते, आणि तापी वाहते जमीन खचून झालेल्या खोऱ्यातून, उलट पश्चिमेला. सगळा खानदेश पालथा घालून हाही थेंब सुरतेजवळ त्याच अरबी समुद्रात. दोघांच्या मुखांत अंतर जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर!

आधी कोण पोचेल? पारवाला, पैज लावू नका. गिरणेतल्याला चणकापूरचं धरण अडवतं, पुढे गिरणा धरण, मग पाट आणि शेतं. बिचारा बहुधा पोचतच नाही. पश्चिमेला मात्र उतार उभा आणि पाऊस दांडगा. असं पाणी डोंगर मागेमागे कुरतडत येतं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा पाषाण, पण या नद्या त्याला पोखरून पाणलोटाची रेघ पूर्वेकडे सरकवत आहेत. आपल्या डोळ्यांना ते दिसायचं नाही, इतक्या सावकाश.

या पाषाणाची एक खोड अशी, की तो पाणी पोटात ठेवत नाही. मुरतं ते फटींत आणि वरच्या मुरमात. म्हणून पाऊस चार महिने झोडपतो अशा या मुलखात चैत्र-वैशाखात बाया नदीच्या पात्रात झिरा खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. उतारावर नागली का पिकवतात, तेही यातच आलं. राब भाजून रोपं करायची, मग आवणी. पातळ माती तिला पुरते आणि दाणा कणगीत वर्षानुवर्षं टिकतो, किडा लागत नाही. पाण्याची साठवण जमली नाही, पण धान्याची कोकणा-वारली लोकांनी पक्की जमवली होती.

आता पश्चिमेचा थेंब उचलून पूर्वेला टाकायची नार-पार-गिरणा योजना आहे. राज्य मंत्रिमंडळाने तिला 2024 साली मान्यता दिली. चढावर पाणी न्यायचं म्हणजे पंप, वीज, बोगदे. खानदेशाची तहान खोटी नाही. पण पंप लावण्याआधी झिऱ्यावरच्या हंड्यांचाही हिशोब मांडावा, असं मला वाटतं.