मानसोपचाराच्या पर्यवेक्षकाचे शिक्षण : देह आणि परस्परसंबंध यांचे स्थान

जो चिकित्सक मानसोपचार उत्तम करतो त्याला दुसऱ्याच्या कामाचे पर्यवेक्षणही आपोआप जमते, असा एक समज रूढ आहे. रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांचा कारभार बहुधा याच समजावर चालतो. दहा-पंधरा वर्षे रुग्ण पाहिलेल्या चिकित्सकाकडे एके दिवशी चार नवशिके सोपविले जातात आणि त्या दिवसापासून तो पर्यवेक्षक ठरतो. वस्तुतः ही दोन कामे भिन्न आहेत. चिकित्सकासमोर रुग्ण बसलेला असतो. पर्यवेक्षकासमोर मात्र रुग्णाविषयी बोलणारा दुसरा चिकित्सक असतो. जो खोलीत नाही त्याच्या हितासाठी, जो खोलीत आहे त्याच्याशी बोलावयाचे, असे हे काम आहे. आणि ते स्वतंत्रपणे शिकावे लागते.

हे शिक्षण कसे द्यावे याविषयी अलीकडील काही दशकांत एक दृष्टिकोन विशेष पुढे आला आहे. पर्यवेक्षक आणि पर्यवेक्षित यांच्यामध्ये जे नाते घडते तेच ज्ञानाचे साधन मानावे, आणि त्या नात्याचे पडसाद दोघांच्याही देहावर उमटतात त्यांकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे, हे त्याचे सार होय.

या विचाराची मुळे जुनी आहेत. बर्लिन येथे १९२० मध्ये मनोविश्लेषणाचे चिकित्सालय निघाले आणि माक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने तेथे शिक्षणाची त्रिविध पद्धती आकारास आली : स्वतःचे विश्लेषण, शास्त्राचा अभ्यास आणि अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली केलेले काम. देखरेख करणारा जाणता आणि काम करणारा अजाण, अशी या व्यवस्थेची धाटणी होती. तिला खरा धक्का दिला तो अमेरिकेतील हॅरॉल्ड सर्ल्स यांनी. १९५५ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, पर्यवेक्षण चालू असता पर्यवेक्षकाच्या मनात ज्या भावना उठतात त्या केवळ त्याच्या खाजगी नसतात; रुग्ण आणि चिकित्सक यांच्यामध्ये जे घडत आहे त्याचेच प्रतिबिंब त्यांत पडलेले असू शकते. पुढे १९५८ मध्ये एकस्टाइन आणि वॉलरस्टाइन यांनी आपल्या ग्रंथात या समांतर प्रक्रियेचे सविस्तर विवेचन केले. भावनेचे हे प्रतिबिंब देहावरही उमटते, या पुढच्या पायरीस दोन दिशांनी बळ मिळाले. मनाचे बचाव स्नायूंच्या ताठरपणात वसतात, असे विल्हेल्म राइश यांनी पूर्वीच मांडले होते. आणि शब्दात उतरण्यापूर्वी अनुभव शरीरात एक अस्पष्ट जाणीव म्हणून असतो, हा यूजीन जेंडलिन यांचा सिद्धांत १९७८ च्या त्यांच्या पुस्तकामुळे सर्वत्र पोहोचला.

हे सर्व पाश्चात्त्य नागर जीवनातून आले; विदर्भातील खेड्यास त्याचा उपयोग काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु मराठी माणूस आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगतो हे पाहिले म्हणजे ती शंका बरीचशी ओसरते. त्याच्या पोटात गोळा येतो, छाती दडपते, हातपाय गळतात, जीव घाबरा होतो, काळजाला घोर लागतो. ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत दवाखान्यात येणारा शेतकरी विरळा. देहाची भाषा येथे आयात करावी लागत नाही. ती ऐकण्यास शिकविणे तेवढे शिल्लक राहते.

यवतमाळ जिल्ह्यातील, दारव्हा तालुक्यातले बोरी अरब हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. कापसाच्या या प्रदेशात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न दीर्घकाळ भेडसावत आहे. महाराष्ट्र शासनाने १४ जिल्ह्यांसाठी आखलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त यवतमाळचा समावेश झाला आणि आशा कार्यकर्ती व समुपदेशक यांच्यावर मनाची विचारपूस करण्याची जबाबदारी आली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण त्या गावांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दुःख सांगावयास लोक पुढे येतात, हे यावरून सिद्ध झाले. मात्र ते ऐकणाऱ्याचे कोणी ऐकावयाचे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र होतो.

समजा, अशा गावातील एक समुपदेशक पर्यवेक्षकाकडे येतो आणि एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. कर्ज किती, पीक किती, झोप किती, सर्व तपशील तो भराभर, एका सुरात सांगतो. हकीकत व्यवस्थित आहे. तरीही ऐकता ऐकता पर्यवेक्षकाचे खांदे जड होतात आणि बोलणे लवकर संपावे असे त्याला वाटू लागते. अशिक्षित पर्यवेक्षक हा थकवा झटकून टाकील आणि दोन सूचना देऊन मोकळा होईल. शिक्षित पर्यवेक्षक थांबेल आणि म्हणेल, “तुमचं ऐकताना माझे खांदे भरून आले. तो माणूस समोर बसला होता तेव्हा तुम्हाला अंगात काही जाणवलं होतं का?” कदाचित समुपदेशक क्षणभर गप्प होईल आणि सांगेल की, त्यालाही तेथून उठून जावेसे वाटले होते, म्हणूनच त्याने भराभर प्रश्न विचारून कागद पूर्ण केला. यानंतर पर्यवेक्षकाने विचारावयाचा प्रश्न अगदी साधा आहे : जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, हे त्या शेतकऱ्याला स्पष्ट शब्दांत विचारले होते काय? पुष्कळदा असे आढळेल की, नेमका तोच प्रश्न निसटलेला आहे. जे ऐकणे असह्य झाले ते विचारणेच टळले. खांद्यांच्या जडपणाची दखल घेण्याचे महत्त्व अशा ठिकाणी कळते.

मात्र देहाचे ऐकावे म्हणजे देहाला कौल लावावा असे नव्हे. पर्यवेक्षकाचे डोके दुखत असेल तर ते उन्हामुळेही दुखत असेल. त्याला वाटलेला कंटाळा त्याचा स्वतःचाही असू शकतो. म्हणून या शिक्षणात तीन गोष्टी अलग ठेवण्याचा कसून सराव करून घेतात : शरीरात काय जाणवले, त्यातून मनात कोणते चित्र उभे राहिले, आणि त्यावरून कोणता तर्क केला. पहिली गोष्ट सांगण्यास हरकत नाही. तिसरी नेहमी प्रश्नाच्या रूपानेच मांडावयाची असते. रुग्णाच्या देहाविषयी तर याहूनही अधिक सावधगिरी हवी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस जण दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे भीतीचीही असतात आणि विषाचीही. ‘फवारणी केली होती काय’ हे विचारावयास जो पर्यवेक्षक शिकवीत नाही त्याचे देहभान पुस्तकी समजावे.

प्रत्यक्ष शिक्षण बहुधा तिघांच्या गटात चालते. एक जण आपले खरे प्रकरण मांडतो, दुसरा पर्यवेक्षक होतो आणि तिसरा केवळ पाहतो. पाहणाऱ्याने शब्दांकडे दुर्लक्ष करावे अशी त्याला सूचना असते. कोणाचा श्वास केव्हा रोखला गेला, कोण खुर्चीच्या कडेवर सरकले, रुग्णाचे नाव येताच कोणाचा आवाज खाली गेला, एवढेच त्याने टिपावयाचे. कधी प्रकरण मांडणाऱ्याला रुग्ण जसा बसला होता तसे बसण्यास सांगतात. पाठ वाकवून, हात मांड्यांमध्ये धरून दोन मिनिटे बसल्यावर जे कळते ते टिपणवहीत पुष्कळदा सापडत नाही. तालमीत वस्ताद हौदाच्या काठावर उभा राहून पठ्ठ्याच्या नुसत्या पवित्र्यावरून चूक ओळखतो. त्याच्या नजरेशी या नजरेचे नाते आहे. फरक इतकाच की, वस्ताद हुकूम देतो आणि पर्यवेक्षकाला विचारावे लागते. गुरूपुढे मान तुकविण्याचे संस्कार पक्के असलेल्या आपल्या समाजात हा फरक अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. ‘सरांना’ जे ऐकावयाचे आहे तेच सांगण्याकडे शिष्याचा कल असतो आणि सरांनाही ते गोड वाटते. पद, जात, स्त्री-पुरुषभेद ही सर्व अंतरे दोघांच्या बसण्यातच दिसू लागतात. त्यांचा उच्चार करण्याचे धैर्य पर्यवेक्षकाने आधी दाखवावे लागते. देहाधिष्ठित या शब्दाचा स्पर्शाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पर्यवेक्षणात स्पर्श वर्ज्यच मानावा. त्याचप्रमाणे पर्यवेक्षिताच्या घरच्या दुःखापर्यंत संभाषण गेले, तर ते रुग्णाकडे परत आणावयाचे असते. त्या दुःखावरील उपचार दुसऱ्या कोणाकडे व्हावेत.

असा पर्यवेक्षक होण्यास मोठ्या पदव्याच हव्यात काय, या प्रश्नाचे काहीसे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये आले. उपचार करणारे समुपदेशक व्यवसायाने मानसतज्ज्ञ नव्हते, तरीही त्यांच्या संभाषणोपचाराचा लाभ दिसून आला. पर्यवेक्षणाच्या दृष्टीने त्याहूनही उल्लेखनीय गोष्ट अशी की, हे समुपदेशक परस्परांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकून ठरीव मापनश्रेणीवर गुण देत आणि गटात चर्चा करीत. त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडून पाहण्यात आले. सामान्य कार्यकर्त्यास गुणवत्तेची पारख शिकविता येते, असे त्यातून दिसले. मापनश्रेणीचे हे महत्त्व नाकारता येणार नाही. देहभानाच्या नावाखाली मोघम बोलणाऱ्या पर्यवेक्षकापेक्षा श्रेणी हातात घेऊन ध्वनिमुद्रण ऐकणारा सहकारी केव्हाही बरा. परंतु ध्वनिमुद्रणात नजर येत नाही आणि वाकलेली पाठही येत नाही. समुपदेशकाचे हात गार पडले होते हे तर त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कळणारच नाही. आणि ते त्याने सांगावे असे नाते आधी घडावे लागते. म्हणून श्रेणी आणि नाते ही दोन्ही एकाच प्रशिक्षणात असावीत, हे युक्त होय.

राहता राहिला अंतराचा प्रश्न. बोरी अरबसारख्या गावातील कार्यकर्त्यास दर आठवड्याला यवतमाळ किंवा नागपूर गाठणे शक्य नसते. पर्यवेक्षण पुष्कळदा दूरध्वनीवरच होणार, हे गृहीत धरावे लागते. दूरध्वनीवर पाठ दिसत नाही, पण श्वास ऐकू येतो, आवंढा ऐकू येतो, वाक्य अर्ध्यावर सुटलेले कळते. प्रशिक्षणात म्हणूनच दोघांना पाठीला पाठ लावून बसवितात आणि केवळ आवाजावरून समोरच्याची स्थिती ओळखण्याचा सराव देतात. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट ठेवली तर हा सराव अधिक फळतो. संभाषणाच्या आरंभी समुपदेशक कोठे आहे, बसला आहे की उभा, जवळपास कोणी ऐकत आहे काय, हे विचारून घ्यावे. तो बसथांब्यावर उभा असेल, तर त्याला सावलीत निवांत बसावयास जागा मिळेपर्यंत थांबावे आणि मगच रुग्णाविषयी पहिला प्रश्न विचारावा.